शेवटच्या प्रकरणाची टाचणी

नाना,

तुम्ही जाऊन आज दहा दिवस झाले. रविवारी वाचनालयात तुमची शोकसभा आहे. अध्यक्षांनी मला सांगून ठेवलंय, "वंदनाताई, चार शब्द लिहून आणा. जन्म, नोकरी, निवृत्ती, स्वभाव मनमिळाऊ, वगैरे." मनमिळाऊ ऐकून मला तिथंच हसू फुटलं. सामाजिक कादंबऱ्यांच्या कपाटात कुणी चुकून एखादी रहस्यकथा खुपसली तर अख्खं वाचनालय डोक्यावर घेणारा माणूस, आणि मनमिळाऊ? ते चार शब्द दुसरं कुणी लिहील. मला तुमच्याशीच बोलायचंय. एक गोष्ट कबूल करायची आहे, जी तुम्ही असताना माझ्या तोंडून निघाली नाही. आता ती रविवारी सगळ्यांसमोर वाचायची असं मी ठरवलंय. भगवान टेलर समोर बसलेले असतील. त्यांचं नाव घेतल्यावर पुढचं तुम्हाला कळलंच असेल, पण मला सुरुवातीपासून सांगू द्या. मधे बोलू नका.

मी शहापूरच्या या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा अगदी नवखी होते. शेणव्याहून रोज यायचे, कुठल्या कपाटाला कुठली किल्ली हेसुद्धा कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही आलात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. एक पुस्तक माझ्या टेबलावर आपटलंत आणि पहिलं पान उघडून दाखवलंत. कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'खून मेव्हण्याने केला.'

"हे काय हाय?"

मी म्हटलं, "कुणीतरी चावटपणा केलाय."

"चावटपणा नाय, गुन्हा हाय हा. पुढच्या माणसाचा पुरता घात केलाय." आणि खिशातून खोडरबर काढून तुम्ही उभ्याउभ्याच मेव्हण्याला पुसून टाकलंत. तुम्ही गेल्यावर शिपाई म्हणाला, "मॅडम, ते नाना. रिटायर हवालदार. जपून राहा." मी कसली जपून राहते! महिन्याभरात आपली पहिली भांडणं सुरू झाली होती.

बाकीचे वाचक तुमच्या टाचणीला हसायचे. कुठलीही रहस्यकथा हातात आली की तिचं शेवटचं प्रकरण तुम्ही टाचणीने बंद करायचात, स्वतःलाही मोह होऊ नये म्हणून. मग एका चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं, चिठ्ठी टाचणीखाली खोचायची, आणि मगच टाचणी काढायची. मला तुम्ही हाच नियम लावायला बघितलात. पण मी पडले शेवट आधी वाचणारी. पुस्तक हातात आलं की आधी मागचं पान. तुम्हाला त्याचा इतका राग यायचा! "तू तपास करीत नाय. तू खबरी हायेस, खबरी!" मी म्हणायचे, "कोण मरणार ते आधी कळलं की मला जीव लावून वाचता येतं." हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. मलाही तुमची टाचणी पटली नाही. पण तुमच्या चिठ्ठ्या बघायला मला आवडायचं. काय अक्षर होतं तुमचं! छापल्यासारखं, एकेक वेलांटी जागच्या जागी. खुन्यांची नावं इतक्या सुंदर अक्षरात मी दुसरीकडे कुठं पाहिली नाहीत.

मग साखरेने तुमचे डोळे नेले. आधी एक, वर्षभरात दुसरा. तुम्ही पुस्तकं परत करायला सूनबाईंना पाठवलंत आणि निरोप दिलात, सभासदत्व बंद करा. मी तो निरोप काही ऐकला नाही. वाचनालयाची सुट्टी सोमवारी. त्या सोमवारी दुपारी मी पुस्तक घेऊन सरळ तुमच्या घरी आले. सूनबाई कामावर निघाल्या होत्या. तुम्ही खुर्चीत बसून होतात, दाढी वाढलेली. माझा पाय उंबऱ्यात पडायच्या आत म्हणालात, "जय भीम, वंदना बाय. चप्पल घसटत चालतेस, उचल जरा पाय." त्या दिवसापासून सोमवार तुमचा झाला.

मोठ्याने वाचायची मला सवय नव्हती. ती तुम्ही लावलीत. पंचनाम्याचं पान आलं की तुमचा हात वर. "थांब. पुन्हा वाच. प्रेताजवळचा पेला साहेबांनी हाताने उचलला? बिनरुमालाचा? हाकला त्याला, नोकरीवरून काढून टाका." लेखक मंडळी तुमच्या तावडीतून सुटायची नाहीत. मी हसून हसून पाणी प्यायला उठायचे. माझं माहेर, माझं सासर, नवऱ्याच्या बदल्या, आजारपणं, सगळं बाजूला ठेवून दर सोमवारी दोन तास मी फक्त खुनी शोधत होते. नाना, तुम्हाला वाटायचं मी तुमच्यावर उपकार करतेय. तुम्ही दोनदा तसं बोलूनही दाखवलंत, आणि मी दोनदा तुम्हाला झापलं. आज पुन्हा सांगते, उपकार कुणी कुणावर केले याचा गैरसमज ठेवून जाऊ नका.

बारकूची गोष्ट तुम्ही एकदाच सांगितलीत. कुठल्यातरी कादंबरीत आरोपीचा जबाब आला होता आणि मी तो भराभर वाचत होते. तुम्ही म्हणालात, "असा नसतो जबाब. शेवटाला काय लिवतात म्हाईत हाय? 'वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' आणि खाली सही, नायतर अंगठा." मग म्हणालात, मुरबाडकडच्या एका गावातला बारकू, खुनाच्या संशयावरून आणला होता. साहेब सांगत गेले, तुम्ही लिहीत गेलात. अक्षर चांगलं म्हणून पोलीस ठाण्यातले सगळे जबाब तुमच्याच हातचे. बारकूला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवला नाही, नुसता अंगठा घेतला. कितीतरी महिने तो आत होता. मग खरा खुनी दुसऱ्याच प्रकरणात सापडला आणि बारकू सुटला. तोवर त्याची आई गेली होती. तिच्या मातीला तो नव्हता. घरी आला तो मुकाच राहिला, कुणाशी धड बोलला नाही, आणि तसाच काही वर्षांनी गेला.

"मारलं दुसऱ्यांनी," तुम्ही म्हणालात. "मी हात नाय लावला. मी फकस्त लिवलं." आणि मग, "पुढं वाच."

मी पुढं वाचलं. तुमच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

आणि पुढच्याच पावसाळ्यात ते कोरियन पुस्तक वाचनालयात आलं. मराठी अनुवाद, मुखपृष्ठावर मिठागर. एका बेटावर शाळेतल्या बाईंचा खून होतो, आणि मिठागरावर राबणाऱ्या एका तोतऱ्या माणसाला पोलीस पकडतात. तुम्हाला ते पहिल्या पानापासून चढलं. ती लांबलचक नावं आपल्याला जमेनात, म्हणून तुम्ही सगळ्यांचं बारसं केलंत. फौजदार झाला 'साहेब', तोतरा झाला 'मिठवाला', गावचा बडा माणूस 'पाटील'. सोमवारी प्रकरण संपलं की तुम्ही मला दारापर्यंत सोडायला यायचात, भिंतीला हात लावत, आणि म्हणायचात, "पाटलावर नजर ठेव."

मी मात्र सवयीप्रमाणे शेवट आधीच वाचला होता. खुनी पाटील नव्हता, मिठवालाही नव्हता. पण खरा शेवट खुनी सापडल्यावर होता. मिठवाला तुरुंगातच मरतो. आणि साहेब, म्हातारा झालेला, निवृत्त, त्याच्या बहिणीच्या घरी जायला निघतो. शेवटचं अख्खं प्रकरण त्या वाटेचं. शेवटी तो तिच्या दारापर्यंत पोहोचतो, उभा राहतो, आणि कडी न वाजवता माघारी फिरतो. संपलं पुस्तक.

वाचनालयात बसून मी ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. तुम्हाला हे कसं वाचून दाखवू? त्याच महिन्यात तुम्हाला दवाखान्यात ठेवून आणलं होतं. डॉक्टर सूनबाईंना म्हणाले होते, त्यांना त्रास होईल असं काही नको. मी विचार केला न केला आणि सोमवारी सांगून टाकलं, "नाना, शेवटचं प्रकरणच नाही हो. पानं कुणीतरी फाडून नेलीत."

पुस्तक मी माझ्या कपाटात कुलूपबंद केलं. वाटलं, झालं, सुटले. पण मी कुणाशी खोटं बोलले होते? हवालदाराशी! तुम्ही ताठ बसलात. "फाडली? कोणी? रजिस्टर आण." पुढच्या सोमवारी तुम्ही मला देवघेवीचं रजिस्टर वाचायला लावलंत. आपल्या आधी ते पुस्तक एकट्या भगवान टेलरांनी नेलं होतं. बाजारपेठेत कपडे शिवणारे, दर आठवड्याला एक कादंबरी वाचणारे, आवाज चढवून कधी न बोललेले भगवान टेलर.

"तोच," तुम्ही म्हणालात. "कपड्याच्या कापणीला कागद लागतो त्याला. खाका काढायला."

मी म्हटलं, "नाना, असं कसं म्हणता? पुरावा काय?" याच्यापुढे माझी जीभ सरकली नाही. एवढंच म्हणायचं होतं की पानं शाबूत आहेत. तीन शब्द. पण मग तुम्ही म्हणाला असतात, तर वाच.

मला वाटलं, तुम्ही विसराल. तुम्ही सूनबाईंचा हात धरून बाजारात गेलात आणि टेलरांच्या दुकानाबाहेर उभं राहून, चार गिऱ्हाइकांसमोर, त्यांना पुस्तकचोर म्हणालात. हवालदारी आवाजात. मला हे दुसऱ्या दिवशी शिपायाने रंगवून सांगितलं. त्या आठवड्यात टेलर वाचनालयात आले, त्यांच्याकडचं पुस्तक टेबलावर ठेवलं, म्हणाले, "मॅडम, मी पान फाडलं नाय. तुमी तरी खरं माना." आणि गेले. त्यानंतर आलेच नाहीत. नाना, तो माणूस माझ्यासमोर उभा होता, पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि मी म्हटलं, "बघू." काय बघू? माझ्या तोंडाला काय झालं होतं? एका निरपराध माणसाची गोष्ट तुमच्यापासून लपवायला गेले आणि दुसरा निरपराध माणूस उभा केला. रात्रंदिवस पुस्तकं वाचणाऱ्या बाईला एवढं कळू नये!

दिवाळीनंतर तुम्ही आनंदाची बातमी असल्यासारखी सांगितलीत, "त्या पुस्तकावर तिकडच्या लोकांनी पिक्चर काढलाय. सूनबाईने मोबाइलवर शोधला. टीव्हीला लावून देणार हाय. खाली इंग्रजीत लिवून येतं म्हणे. तू वाचून सांग. बघू कोण आमचं प्रकरण लपवतो." मी मनात म्हटलं, वंदना, आता भोग आपल्या कर्माची फळं.

सोमवारी दुपारी सूनबाईंनी पिक्चर लावला आणि त्या कामावर गेल्या. तुम्ही खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून घेतलीत, डोळ्यांना काही दिसत नसताना. मी बाजूला पाटावर. खालच्या इंग्रजी ओळी वाचून मी मराठीत सांगत होते आणि भराभर सांगायच्या नादात कोरियातले सगळे पोलीस शहापूरचं बोलायला लागले. "काय रं, कुठं होतास काल?" तुम्ही खुश. भातशेतं आली तेव्हा मी सांगितलं, "नाना, अगदी आपल्या मुरबाडकडच्यासारखी. बांधसुद्धा तसेच." ठाण्यातला मारहाणीचा प्रसंग आला तेव्हा मी आवाज कमी करायला गेले. तुम्ही म्हणालात, "राहू दे. हे बरोबर दाखवलंय." आणि पुस्तकापेक्षा पिक्चर ढिला आहे, पाटलाचं काम करणाऱ्याचा आवाज पातळ आहे, हेही सांगून झालं. पिक्चरवाले पुस्तकाचा शेवट नासवतात, हे तुमचं ठाम मत होतं.

आणि खरंच त्यांनी शेवट बदलला होता. मला माहीत नव्हतं. म्हातारा साहेब त्या दारापर्यंत आला आणि मी वाट बघत राहिले की आता हा माघारी फिरेल, मग मी काहीतरी ठोकून देईन. तो फिरला नाही. त्याने दार सरकवलं. बूट काढले, लाकडी पायरीवर ठप्पकन ठेवले. आत गेला. बहीण होती. ती बोलली, तो बोलला, मग तो रडायला लागला. तिने त्याच्यापुढे भाताचा वाडगा ठेवला.

"काय चाललंय?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, "काही नाही, साहेब हॉटेलात जेवतोय. खुनी पकडला ना, त्याची पार्टी."

"मंग रडतो कोण?"

"मागच्या टेबलावरचा एक दारुडा."

नावं वर सरकायला लागली, बासरीसारखं काहीतरी वाजत होतं. तुम्ही दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होतात. मग अगदी सहज म्हणालात, "वंदना बाय, हाटेलात जाताना बूट काढतात काय गो तिकडं?"

"असेल पद्धत," मी म्हटलं.

"हं," तुम्ही म्हणालात. "असंल."

दोन तास तुम्ही फक्त आवाज ऐकत होतात, नाना. कोरियन कळत नसलं तरी साहेबाचा आवाज कोणता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं होतं. मला हे घरी जाताना, रिक्षात बसल्यावर सुचलं. पण तुम्ही पुन्हा काही विचारलं नाहीत आणि मी स्वतःची समजूत घातली की म्हाताऱ्याच्या ध्यानात नाही आलं.

पुढच्या सोमवारी मी पुस्तक घेऊन आले तर तुम्ही शर्ट घालून, दाढी करून तयार. "आज वाचायचं नाय. भगवान टेलरकडं जायचंय." वाटेत मी विचारलं, कशाला. "माफी मागायला. पुरावा नसताना बोललो." टेलर मशीनवर होते. तुम्हाला बघून त्यांचा पाय पायडलवर थांबला. तुम्ही दुकानाबाहेरच उभे राहिलात आणि त्याच हवालदारी आवाजात, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं, म्हणालात, "भगवानशेट, मी चुकलो. तुमी पान फाडलं नाय." टेलर एवढे गोंधळले की त्यांनी तुम्हालाच नमस्कार केला. मग आत बसवलं. तुम्ही मला म्हणालात, "जा, समोरून चहा सांगून ये. आणि सावकाश ये." मी सावकाश आले. तुम्ही पेन खिशाला लावत होतात. डोळे गेले तरी ते पेन तुम्ही सोडलं नव्हतं, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

चहा पिऊन बाहेर पडताना तुम्ही म्हणालात, "आता मुरबाडची यष्टी कधी हाय?"

आपण दोन दिवसांनी गेलो. मी रजा टाकली. किन्हवलीवरून जाणारी गाडी, शेणव्याला थांबली तेव्हा मी तुम्हाला सांगितलं, हे माझं गाव, आणि तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून म्हणालात, "जय भीम शेणवा." शेजारची बाई बघतच राहिली. बारकूचं घर तुम्हाला रस्त्यावरून आठवत होतं, वडाच्या पुढं ओढा, ओढ्यापलीकडे. कापणी होऊन गेली होती, खळ्यावर भाताचे भारे पडले होते आणि एक पन्नाशीची बाई एकटीच भात झोडत होती. बारकूची बहीण, यमुनाबाई.

तुम्ही खळ्याच्या कडेला चपला काढल्यात. नाव सांगितलंत, नोकरी सांगितलीत. म्हणालात, "तुमच्या भावाचा जबाब माझ्या हातचा. खोटा होता. मला तेव्हाच कळत होतं." त्या भारा आपटतच राहिल्या. मला वाटलं, आता त्या हाकलून देतील, आणि दिलं असतं तर त्यांचं चुकलं नसतं. बऱ्याच वेळाने थांबल्या, कमरेचा पदर सोडून तोंड पुसलं.

"आमाला कुणाला वाचता येत नवतं," त्या म्हणाल्या. "काय लिवलं होतं त्यात?"

आणि तुम्ही तो अख्खा जबाब म्हणून दाखवलात. इतक्या वर्षांनंतर, न अडखळता. 'मी समक्ष हजर राहून जबाब देतो की, सदर दिवशी सायंकाळी सदर इसमाच्या शेतघरी मी गेलो असता...' शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. तुमचा आवाज तिथं फुटला.

यमुनाबाई ऐकत उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमचा बारकू असा बोलतच नवता. 'सदर' म्हंजे काय, त्याला ठाव पण नाय." त्या रडल्या नाहीत. मी रडले. मग त्या घरात गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. "उनाचं आलात. पाणी घ्या." तुम्ही दोन्ही हातांनी तांब्या घेतलात. माफ केलं असं त्या बोलल्या नाहीत आणि तुम्ही मागितलंही नाहीत. परतीच्या गाडीत सरळगाव मागे पडल्यावर तुम्ही एकदाच म्हणालात, "पाणी दिलं गो तिने."

त्यानंतरचे चार महिने मी तुमचा चेहरा असा मोकळा पाहिला, जसा आधी कधी पाहिला नव्हता. तुम्ही सूनबाईंकडे गोड मागून खायचात आणि पकडले जायचात. आपण पाच पुस्तकं संपवली. प्रत्येक सोमवारी मी येताना ठरवायचे, आज सांगायचं. आणि प्रत्येक सोमवारी तुम्ही म्हणायचात, "चल, कुठं होतो आपण?" मग एका सकाळी चहाचा कप हातात असताना तुम्ही गेलात. सूनबाईंचा फोन आला तेव्हा मी कपाटासमोर उभी होते, त्याच कपाटासमोर.

परवा भगवान टेलर वाचनालयात आले. ते पुस्तक टेबलावर ठेवून गेले होते, त्यानंतर पहिल्यांदा. त्यांनी त्यांची मापाची वही उघडली आणि तिच्यातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "नाना बोलले होते, मी हाय तवर दावू नको. आता दावतो."

मला आधी अक्षर ओळखूच आलं नाही, नाना. तुमचं ते छापल्यासारखं अक्षर! ओळी एकमेकींवर चढलेल्या, मात्रा भलतीकडे, एक शब्द कागदाच्या बाहेर निघून गेलेला. मी तीनदा वाचलं तेव्हा लागलं. लिहिलं होतं: 'भगवान टेलर यांनी पाने फाडली नाहीत. पाने फाटलेलीच नाहीत. ग्रंथपाल बाईंनी माझ्या जिवाला जपून तसे सांगितले. तिला कोणी काही विचारू नये, ती आपणहून सांगेल. हा जबाब मी माझ्या हाताने लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून नाही.'

टेलरांना त्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी ते मापाच्या वहीत ठेवून दिलं आणि कुणाला बोलले नाहीत. मी त्यांच्यासमोर टेबलावर डोकं ठेवून रडले. ते बिचारे म्हणत होते, "मॅडम, राहू द्या, राहू द्या," आणि शिपायाला पाणी आणायला पाठवत होते. मग मी कपाट उघडलं आणि ते पुस्तक त्यांच्या नावावर नोंदवून त्यांच्या हातात दिलं. ते शेवट विसरले होते. उभ्याउभ्या शेवटचं प्रकरण काढायला लागले तेव्हा मी म्हटलं, "थांबा. आधी माझं होऊ दे. रविवारी देते," आणि पुस्तक परत घेऊन शेवटचं प्रकरण तुमच्यासारखं टाचणीने बंद केलं.

कारण एक वाद राहिलाय आपला. तुम्ही म्हणायचात, पिक्चरवाले शेवट नासवतात. पण नाना, पुस्तकात साहेब दारातून माघारी फिरतो. तुम्हाला हे मी कधी सांगितलंच नाही. आत जातो तो फक्त पिक्चरमध्ये, आणि तुम्ही ऐकलात तो पिक्चरचा शेवट. मी पुस्तक वाचून दाखवलं असतं तर तुम्ही यमुनाबाईंकडे गेला असतात की नाही, मला माहीत नाही. माझ्या खोट्याचं त्यात काही पुण्य आहे असं मी म्हणणार नाही, तुम्ही तर मुळीच म्हणू देणार नाही. तरी या एका वेळेपुरतं कबूल करा, पिक्चर बरा होता.

तुम्ही मला चार महिने वेळ दिलात. विचारून मोकळं होण्याऐवजी वाट बघितलीत, दर सोमवारी चहा ठेवायला लावून, 'कुठं होतो आपण' म्हणत. एवढा धीर माझ्यासाठी दुसऱ्या कुणी धरला नाही. म्हणून हे चार शब्द नाहीत. हा माझा जबाब आहे. पानं मी फाडली नाहीत, लपवली होती. भगवान टेलरांवर आळ आला तेव्हा मी गप्प बसले. हे मी माझ्या हाताने लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, आणि रविवारी त्यांच्यासमोर वाचून दाखवणार आहे. मग तुमची टाचणी काढून शेवटचं प्रकरण वाचेन, मोठ्याने, तुमचा हात वर झाला असता तिथं थांबून.

वंदना, ग्रंथपाल. वाचून पाहिला, बरोबर आहे.